मुलांमधला बायपोलर आजार: सुरुवातीच्या खुणा ओळखताना कोणत्या क्रमाने जायचं

मूल दिवसातून चार वेळा चिडलं, रडलं आणि पुन्हा हसायला लागलं की हल्ली घरात लगेच ‘बायपोलर तर नाही ना?’ अशी कुजबुज सुरू होते. आणि तेच मूल सलग सहा दिवस रात्री जेमतेम तीन-चार तास झोपून, तरीही न थकता, भरभर बोलत, एकामागून एक बेत आखत फिरलं की घरच्यांना बरं वाटतं: ‘चला, आळस गेला एकदाचा.’ काळजी करायची ती या दुसऱ्या वेळी. पहिल्या प्रकारामागे कितीतरी साधी कारणं असू शकतात, दुसऱ्यामागे फार थोडी.

बायपोलर आजारात मूडचे एपिसोड येतात: कधी अति उत्साहाचे आणि ऊर्जेचे, म्हणजे उन्मादाचे, तर कधी नैराश्याचे. तास-दोन तासांच्या लहरीला एपिसोड म्हणत नाहीत. तो काही दिवसांचा किंवा आठवड्यांचा काळ असतो आणि ‘साधारण अमुक दिवसापासून मूल बदललं’ असं त्याबद्दल सांगता येतं. निदानाच्या प्रचलित निकषांनुसार उन्मादाचा (मेनियाचा) एपिसोड किमान ७ दिवस टिकतो. तो रुग्णालयात दाखल करण्याइतका तीव्र असेल तर दिवसांची अट नसते. सौम्य उन्माद (हायपोमेनिया) किमान सलग ४ दिवस, नैराश्य किमान २ आठवडे. या काळात बदल जवळपास रोज आणि दिवसाचा बहुतेक वेळ दिसतो. हे आकडे लक्षात ठेवा, पुढे वारंवार लागतील.

निदान डॉक्टर करतील. घरच्यांचं काम आहे नीट पाहणं, लिहून ठेवणं आणि ते योग्य माणसापर्यंत पोचवणं. हे काम दुय्यम समजू नका. मूल दवाखान्यात अर्धा तास बसतं आणि तेवढ्या वेळात ते अगदी नेहमीसारखं वागू शकतं. उरलेले साडेतेवीस तास फक्त तुम्ही पाहिलेले असतात.

वयाबद्दलही आधीच सांगतो. बहुतेकांमध्ये पहिला ठळक एपिसोड किशोरवयाच्या उत्तरार्धात किंवा विशीच्या सुरुवातीला येतो. दहा वर्षांखालच्या मुलांमध्ये खरा बायपोलर दुर्मीळ आहे. मूल जितकं लहान, तितकी इतर कारणं आधी आणि जास्त बारकाईने शोधायची.

## आधी हे वाचा: टप्पे सोडून थेट रुग्णालय कधी गाठायचं

खालीलपैकी एकही गोष्ट दिसली तर वही-पेन बाजूला ठेवा:

- मूल मरणाबद्दल बोलतंय, तसं लिहून ठेवलंय किंवा स्वतःला इजा केली आहे.
- कुणालाही न ऐकू येणारे आवाज ऐकू येतात, कुणीतरी मारायला टपलंय असं ठामपणे वाटतं.
- दोन रात्री जवळपास झोप नाही आणि मूल आवरत नाही. घरातून निघून जातंय, उंचावर चढतंय, गाडी पळवतंय, मारहाण करतंय.
- खाणं-पिणं जवळजवळ बंद झालंय.

मुलाला एकटं सोडू नका. घरातली औषधं, शेतीची कीटकनाशकं, उंदराचं औषध, धारदार वस्तू लगेच कुलपात टाका किंवा शेजाऱ्यांकडे नेऊन ठेवा. जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा. वाहन मिळत नसेल किंवा परिस्थिती हाताबाहेर असेल तर ११२. काय करावं सुचत नसेल तर टेलिमानस ही सरकारी सेवा आहे: १४४१६. फोन मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं.

## टप्पा १: मुलाचा नेहमीचा स्वभाव कागदावर उतरवा

हा टप्पा बहुतेक जण गाळतात आणि मग पुढचं सगळं अधांतरी राहतं. ‘खूप बोलतो’ ही तक्रार ऐकली की डॉक्टरांचा पहिला प्रश्न असतो, ‘आधी किती बोलायचा?’ उत्तर तयार नसेल तर त्या तक्रारीचा उपयोग होत नाही.

एक पान घ्या आणि गेल्या एक-दोन वर्षांत मूल सर्वसाधारणपणे कसं होतं ते लिहा. किती वाजता झोपायचं, कसं उठायचं. बोलकं की अबोल. राग आला तर किती वेळात शांत व्हायचं. मित्र किती. अभ्यासाला बसवावं लागायचं की आपण होऊन बसायचं. भूक कशी होती. हातात पैसे आले की काय करायचं.

हे पान एकट्याने भरू नका. आजी-आजोबा, दुपारी सांभाळणाऱ्या मावशी, वर्गशिक्षिका, क्लासचे किंवा मैदानावरचे सर यांना विचारा. एखादं मूल घरी गप्प आणि वर्गात भांडखोर असतं. तो त्याचा जुना स्वभाव असेल तर त्याची नोंद इथेच व्हायला हवी.

नेहमीची चूक: भावंडाशी तुलना. ‘ताई अशी नव्हती’ हे वाक्य इथे काहीच सांगत नाही. तुलना याच मुलाच्या मागच्या वर्षाशी करायची.

## टप्पा २: चौदा रात्री फक्त झोप पाहा

मूडच्या आधी झोप. मूडबद्दल घरात चार माणसांची चार मतं असतात, झोपेचे तास मात्र मोजता येतात. शिवाय उन्मादात झोप बदलते आणि तो बदल पुष्कळदा सगळ्यांत आधी दिसतो.

इथे दोन गोष्टींची गल्लत होते. एक म्हणजे झोप न लागणं: मूल कूस बदलत पडून राहतं, सकाळी उठवत नाही, शाळेत पेंगतं, रविवारी बारापर्यंत झोपतं. काळजी, परीक्षा, मोबाईल, नैराश्य अशा कशानेही हे होतं. दुसरी म्हणजे झोपेची गरजच कमी होणं: मूल रात्री दीडला झोपतं, पहाटे साडेचारला टवटवीत उठतं, दिवसभर धावतं, आणि दुसऱ्या रात्रीही तसंच. उन्मादाची खूण ही दुसरी. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला साधारण ९ ते १२ तास, तेरा ते अठरा वर्षांच्या मुलाला ८ ते १० तास झोप लागते. तीन-चार तासांच्या झोपेवर चार-पाच दिवस उत्साहात राहणारं मूल म्हणूनच दुर्लक्ष करण्यासारखं नसतं.

रोज सकाळी तीन प्रश्नांची उत्तरं लिहा:

1. किती वाजता झोपलं, किती वाजता उठलं, दुपारी झोपलं का?
2. दिवसभरात थकलेलं, पेंगुळलेलं दिसलं का?
3. सुटीच्या दिवशी झोप भरून काढली का?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यांत बोलकं असतं. झोप बुडालेलं मूल संधी मिळाली की ती वसूल करतं. उन्मादातल्या मुलाला ती वसूल करावीशीच वाटत नाही.

तपासा: या चौदा रात्री मोबाईल आणि टॅब मुलाच्या खोलीबाहेर होते का? नसतील तर तुम्ही मोजलंत ते रील्स पाहण्याचं प्रमाण. गणपतीचे दिवस, ढोल-पथकाचा सराव, घरातलं लग्न, गावची जत्रा, परीक्षेआधीची रात्र अशा तारखांवर खूण करा आणि त्यांवरून निष्कर्ष काढू नका. पण एक पाहा: अनंत चतुर्दशी होऊन आठवडा झाला, घरातले सगळे पुन्हा वेळेवर झोपू लागले आणि हे मूल मात्र अजून तसंच जागतंय का?

## टप्पा ३: उन्मादाच्या खुणा मुलाच्या वयाच्या चष्म्यातून पाहा

मोठ्यांच्या आजाराचं वर्णन मुलाला जसंच्या तसं लावलं की फसगत होते. बारा वर्षांचं मूल कर्ज काढून जमीन घेत नाही. तेच लक्षण त्याच्या आवाक्यातल्या गोष्टींत उमटतं.

मूड. प्रसंगाला न शोभणारा, आवरता न येणारा आनंद. आजोबा अतिदक्षता विभागात आहेत, घर चिंतेत आहे, आणि मूल गाणी म्हणत, विनोद करत, अनोळखी नातेवाइकांच्या गळ्यात पडत फिरतंय. काही मुलांत आनंद दिसतच नाही, नुसती टोकाची चिडचिड असते. पण एकट्या चिडचिडीवर बायपोलरचा शिक्का मारता येत नाही.

अवास्तव मोठेपणा. पाच वर्षांचा मुलगा ‘मी हनुमान’ म्हणत गादीवर उडी मारतो. तो खेळ आहे. जेवायला हाक आली की संपतो. सातवीतली मुलगी गणिताच्या बाईंना ‘तुम्हाला शिकवता येत नाही, उद्यापासून वर्ग मी घेणार’ असं सांगते, तसा अर्ज मुख्याध्यापकांकडे नेते, आणि कुणीही समजावलं तरी तिला त्यात काही वावगं वाटत नाही. दोन प्रश्न विचारा: मूल ती कल्पना बाजूला ठेवू शकतं का? आणि त्या कल्पनेनुसार ते खरोखर वागायला लागलंय का?

बोलणं आणि विचार. बोलण्याचा वेग इतका की मध्ये शब्द टाकता येत नाही. एका विषयावरून दुसऱ्यावर उडी, ऐकणाऱ्याला दुवा सापडत नाही. ‘डोकं पळतंय’, ‘विचार थांबतच नाहीत’ असं काही मुलं स्वतःच सांगतात. मुळातच बडबड्या मुलाच्या बाबतीत टप्पा १ चं पान समोर ठेवा.

हालचाल आणि उद्योग. रात्री दोनला अख्खं कपाट रिकामं करून लावायला घेणं, एका दिवसात तीन यूट्यूब चॅनेल सुरू करणं, सोसायटीतल्या सगळ्या मुलांना जमवून स्पर्धा भरवायला निघणं आणि त्यातलं एकही काम पुरं न करणं.

लक्ष उडणं. हे तेव्हाच मोजा, जेव्हा ते नवीन असेल. पहिलीपासून लक्ष टिकत नसेल तर तो वेगळा विषय आहे, त्याबद्दल टप्पा ६ मध्ये.

धोक्याची पर्वा न करणं. आईच्या फोनवरून ऑनलाइन गेममध्ये हजारो रुपये उडवणं, परवाना नसताना मोठ्या भावाची गाडी काढणं, गच्चीच्या कठड्यावरून चालणं, ऑनलाइन भेटलेल्या अनोळखी माणसाला भेटायला निघणं.

वयाला न शोभणारं लैंगिक बोलणं किंवा वागणं. उन्मादात हे दिसू शकतं. पण हे दिसल्यावर पहिला विचार लैंगिक अत्याचाराचा करा. मुलाला दटावू नका, उलटतपासणी घेऊ नका. शांतपणे ऐका आणि डॉक्टरांना हे वेगळं, आवर्जून सांगा. अत्याचाराची शंका असेल तर चाइल्डलाइन १०९८ आहे. पॉक्सो कायद्यानुसार अशी माहिती पोलिसांना देणं बंधनकारकही आहे.

तपासा: मूड आणि ऊर्जा दोन्ही बदलल्या आहेत का? झोपेची गरज कमी होणं आणि वरच्या इतर खुणा मिळून किमान तीन एकाच काळात दिसतात का (मूड नुसता चिडचिडा असेल तर किमान चार)? त्या या मुलासाठी नवीन आहेत का? घराबाहेरही कुणाच्या लक्षात आल्या का? चारही उत्तरं ‘हो’ असतील तर उरलेले टप्पे भरभर उरका आणि आठवड्याच्या आत भेटीची वेळ घ्या.

## टप्पा ४: नैराश्याकडे ‘आळशीपणा’ म्हणून पाहू नका

पुष्कळ मुलांमध्ये आजार आधी नैराश्याच्या रूपात येतो, उन्माद त्यानंतर काही महिन्यांनी किंवा वर्षांनी. त्यामुळे नुसता उत्साहाचा काळ शोधत बसलात तर पहिला एपिसोड निसटेल.

मुलांमधलं नैराश्य नेहमी रडकं नसतं. मूल चिडकं होतं. शाळेत जायच्या वेळी पोट किंवा डोकं दुखतं आणि तपासणीत काही निघत नाही. मैदानावर जाणं बंद होतं, आवडता मित्र खाली येऊन हाका मारतो तरी मूल उतरत नाही. मार्क घसरतात. झोप आणि भूक खूप वाढते किंवा खूप कमी होते. ‘माझा काही उपयोग नाही’, ‘मी नसलो तर बरं’ अशी वाक्यं मध्येच येऊन जातात. दोन आठवडे हे चालू असेल तर मदत घ्यायची वेळ झाली आहे, पुढे निदान काहीही निघो.

नैराश्यामागे बायपोलर असण्याची शंका वाढवणाऱ्या काही गोष्टी आहेत: रक्ताच्या नात्यात कुणाला बायपोलर असणं, नैराश्यात भास किंवा भलते संशय येणं, हालचाल आणि बोलणं कमालीचं मंदावणं, आणि नैराश्यावरच्या गोळ्या सुरू केल्यावर काही दिवसांत मूल एकदम उधळल्यासारखं होणं. शेवटची गोष्ट घडली तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. नुसत्या नैराश्यावरच्या औषधाने बायपोलर असलेल्या मुलात उन्माद चाळवू शकतो, म्हणून औषध सुरू होण्याआधीच डॉक्टरांना घरचा इतिहास सांगितलेला बरा.

सावधान: ‘मरावंसं वाटतं का?’ हा प्रश्न थेट विचारायला पालक घाबरतात. विचारल्याने मुलाच्या डोक्यात तो विचार शिरत नाही. उलट, कुणीतरी विचारलं याने अनेक मुलांना बोलायची वाट सापडते. शांत आवाजात, एकांतात, सरळ शब्दांत विचारा. उत्तर ‘हो’ आलं तर ओरडू नका, शपथा घालू नका. जवळ बसा आणि वरच्या तातडीच्या सूचना पाळा.

## टप्पा ५: रोजची वही, चार-पाच ओळींपुरती

आता मूड मोजायचा. उणे ३ ते अधिक ३ अशी पट्टी घ्या. शून्य म्हणजे मुलाचा नेहमीचा दिवस (टप्पा १ चं पान). उणे ३ म्हणजे अंथरुणातून उठणंही जड, अधिक ३ म्हणजे अजिबात आवरत नाही. दिवसभरात मूड खूप हेलकावला असेल तर सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा असे दोन्ही आकडे लिहा, आणि किती वेळ तसा राहिला तेही.

विशेषणं टाळा, घडलेलं लिहा. ‘आज फारच वेड्यासारखा वागला’ ही नोंद निरुपयोगी आहे. कामाची नोंद अशी दिसते:

> मंगळवार. झोप १.३० ते ५. दुपारी झोपला नाही, थकवा नाही. मूड +२, दिवसभर. जेवताना तीनदा ताटावरून उठून गच्चीत. ‘क्रिकेट अकादमी काढतोय’ म्हणून आठ मित्रांच्या घरी फोन. क्लासच्या सरांची तक्रार: सतत मध्ये बोलतो. ताप नाही, नवं औषध नाही, परीक्षा नाही.

शेवटची ओळ विसरू नका. त्या दिवशी आजारपण, औषध, भांडण, परीक्षा, प्रवास काही होतं की नव्हतं हे लिहिलं की नंतर कारणं शोधणं सोपं जातं. मुलींच्या बाबतीत पाळीच्या तारखाही लिहा. दर महिन्याला त्याच सुमारास मूड बिघडत असेल तर ते वहीतच दिसेल.

दहा-अकरा वर्षांच्या पुढच्या मुलाला या वहीबद्दल सांगा आणि आकडा त्यालाच भरू द्या. तुमचा आणि त्याचा आकडा वेगळा आला तर दोन्ही ठेवा. चोरून लिहिलेली वही सापडली की मुलाचा विश्वास जातो आणि पुढे औषध घ्यायच्या वेळी तोच विश्वास लागणार असतो. त्याची खासगी डायरी किंवा चॅट वाचून नोंदी भरू नका. जिवाला धोका वाटत असेल तेव्हाची गोष्ट वेगळी.

तपासा: दोन-तीन आठवड्यांच्या नोंदी समोर ठेवून एकच प्रश्न विचारा: आकडे सलग काही दिवस एका बाजूला राहतात, की तासातासाला वर-खाली होतात? सलग राहत असतील तर एपिसोडची शक्यता आहे. तासातासाला हलत असतील तर पुढचा टप्पा विशेष लक्ष देऊन वाचा.

## टप्पा ६: दुसरी कारणं बाजूला काढा, आधी शरीरापासून

शरीर आणि औषधं. थायरॉइडचा बिघाड, फिट्स, डोक्याला झालेली इजा यांत वागणं बदलू शकतं. दमा किंवा किडनीच्या आजारासाठी दिलेल्या स्टिरॉइडच्या गोळ्यांनीही मूड उधळू शकतो. तारखा जुळतात का पाहा, पण गोळ्या आपणहून बंद करू नका. वागण्याबरोबर हाताला कंप, बिघडलेलं अक्षर, लाळ गळणं किंवा कावीळ असेल तर विल्सन आजाराची तपासणी व्हायला हवी. यात शरीरात तांबं साठत जातं आणि वेळेवर कळलं तर उपचार आहेत. किशोरवयीन मुलाच्या बाबतीत गांजा आणि इतर नशेबद्दल विचारायला लाजू नका.

एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलपणा यांचा विकार. सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो, कारण बडबड, चंचलपणा आणि मध्ये मध्ये बोलणं दोन्हींत आहे. फरक काळाचा: एडीएचडीची लक्षणं बारा वर्षांच्या आधीपासून असतात आणि वर्षभर सारखी चालू राहतात. बायपोलर येतो आणि ओसरतो. एडीएचडीमध्ये मोठेपणाच्या कल्पना आणि झोपेची गरज कमी होणं सहसा नसतं. दोन्ही एकत्र असू शकतात, तो निवाडा डॉक्टरांवर सोडा.

कायमची चिडचिड. जी मुलं वर्षभर रोजच चिडलेली असतात आणि आठवड्यातून तीन किंवा अधिक वेळा प्रचंड आकांडतांडव करतात, त्यांच्यासाठी २०१३ मध्ये डीएसएम-५ या निदान-नियमावलीत डीएमडीडी हे वेगळं निदान आलं. ते का आणावं लागलं हे पालकांनी समजून घ्यावं: अमेरिकेत १९९४-९५ ते २००२-०३ या काळात मुलांमधल्या बायपोलरसाठीच्या दवाखान्यातल्या भेटी सुमारे चाळीस पटींनी वाढल्या होत्या. सतत चिडणाऱ्या कितीतरी मुलांवर हा शिक्का बसत होता, आणि त्यामागोमाग जड औषधंही. तुमच्या मुलाच्या वहीत रोज राग आहे पण वेगळा काढता येईल असा काळ नाही, तर हे डॉक्टरांना ठळकपणे सांगा.

भीती आणि आघात. शाळेतली दादागिरी, घरातली मारहाण, आईवडिलांची रोजची भांडणं, कुणी केलेला अत्याचार. मूल याबद्दल बोलत नाही, वागण्यातून दाखवतं. बदल कशानंतर सुरू झाला ते तारखेने शोधा.

## टप्पा ७: घरचा इतिहास खणून काढा

हा आजार रक्ताच्या नात्यात चालत येऊ शकतो, म्हणून ही माहिती निदानात फार मोलाची असते. आणि आपल्याकडे नेमकी तीच दडवली जाते. ‘कुणाला मानसिक आजार होता का?’ असं विचारलंत तर दोन्ही घरांकडून ‘छे’ असं उत्तर येईल. प्रश्न बदला. कुणी मध्येच घर सोडून गेलं होतं का? कुणाचं ‘डोकं फिरलं’ म्हणायचे का? कुणी महिनोन्‌महिने खोलीबाहेर पडत नव्हतं का? कुणी अचानक उधळपट्टी करून जमीन घालवली का? कुणाला बाधा झाली म्हणून मांत्रिकाकडे नेलं होतं का? आत्महत्या, दारूचं व्यसन? एखाद्या थोरल्या आत्याला किंवा मामीला एकांतात विचारा, तिला सगळं ठाऊक असतं.

आई किंवा वडिलांना बायपोलर असेल तर मुलाला तो होण्याची शक्यता इतरांपेक्षा बरीच जास्त असते, तरीही अशा बहुसंख्य मुलांना तो होत नाही. इतिहास सापडला म्हणजे निदान झालं असं धरू नका. आणि ‘तुमच्या घरातून आलं’ हा वाद मुलासमोर तर मुळीच नको.

## टप्पा ८: योग्य डॉक्टर, योग्य तयारी

आधी नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांकडे जा, शारीरिक कारणं तिथे तपासली जातील. मग मानसोपचारतज्ज्ञ, शक्यतो मुलांचे. समुपदेशक आणि मानसशास्त्रज्ञ यांची मदत मोलाची असते, पण ते औषध देत नाहीत. उन्मादाची शंका असताना महिनोन्‌महिने नुसत्या समुपदेशनावर थांबू नका.

खासगी तज्ज्ञ परवडत नसेल किंवा गावात नसेल तर जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार बाह्यरुग्ण विभागात जा. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत हा विभाग असतो. ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, गोव्यात बांबोळीची मनोरुग्ण संस्था. निदान गुंतागुंतीचं असेल तर बंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत मुलांसाठी आणि किशोरवयीनांसाठी स्वतंत्र विभाग आहे. दाखल करायची वेळ आलीच तर २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार अल्पवयीन मुलासोबत पालकाने किंवा त्यांनी नेमलेल्या माणसाने राहायचं असतं. मूल एकटं ठेवलं जात नाही.

सोबत न्यायच्या गोष्टी: टप्पा १ चं पान, वही, चालू औषधांची नावं, घरचा इतिहास, शाळेतल्या शिक्षकांची चार ओळींची चिठ्ठी. या सगळ्याचा एका पानात सारांश करा आणि तो आधी द्या. अख्खी वही वाचायला डॉक्टरांना वेळ नसतो. वागण्याचा छोटा व्हिडिओ उपयोगी पडतो, पण तो फक्त डॉक्टरांना दाखवा आणि नंतर पुसून टाका. कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर गेलेला व्हिडिओ मुलाचा पाठलाग आयुष्यभर करू शकतो.

डॉक्टरांना मुलाशी एकट्याने बोलू द्या. दाराशी कान लावू नका, बाहेर आल्यावर ‘काय सांगितलंस?’ विचारू नका.

नेहमीची चूक: ‘रक्ताची तपासणी किंवा मेंदूचा स्कॅन करून एकदाचं सांगा’ असा आग्रह. बायपोलर पक्का करणारी अशी तपासणी नाही. तपासण्या होतात त्या इतर कारणं वगळण्यासाठी. डॉक्टर ‘काही महिने लक्ष ठेवू’ म्हणाले तर ते टाळाटाळ करत नाहीत. मुलांच्या बाबतीत अनेकदा तेच बरोबर असतं. उलट, पहिल्या दहा मिनिटांत, काही न विचारता पक्कं नाव मिळालं तर दुसरं मत घ्या.

## टप्पा ९: निदान होईपर्यंत घरात काय करायचं

झोपायची आणि उठायची वेळ एकच ठेवा, रविवारीही. उन्मादाची शंका असलेल्या मुलाला अभ्यासासाठी रात्री जागवू नका. बुडालेली झोप एपिसोड चाळवू शकते. संध्याकाळनंतर चहा-कॉफी, एनर्जी ड्रिंक बंद. घरातले ऑनलाइन पैशांचे पासवर्ड बदला.

शाळेत एकाच विश्वासू शिक्षकाला, मुलाला सांगून, जेवढं गरजेचं तेवढंच कळवा. ‘बायपोलर’ हा शब्द निदान होण्याआधी शाळेच्या कोणत्याही कागदावर येऊ देऊ नका.

नजर काढणं, अंगारा लावणं यावरून घरातल्या वडीलधाऱ्यांशी भांडण उकरू नका. पण मुलाला मारझोड, उपाशी ठेवणं, धुरी देणं, कोंडणं असं काही सुचवलं गेलं तर तिथे ठाम उभे राहा. आणि कुठल्याही विधीसाठी डॉक्टरांची भेट एक दिवसही पुढे ढकलू नका.

## टप्पा १०: औषध सुरू झालं तर

मात्रा मनाने कमी-जास्त करू नका, मूल बरं दिसलं म्हणून बंद करू नका. अचानक थांबवल्याने आजार जोराने उलटू शकतो. मुलींना व्हॅल्प्रोएट (मूड स्थिर ठेवणारं एक औषध) सुचवलं गेलं तर पाळीवर आणि पुढे गरोदरपणात बाळावर होणाऱ्या परिणामांबद्दल सविस्तर विचारा, पर्याय विचारा.

लिथियम (हेही मूड स्थिर ठेवणारं औषध) दिलं असेल तर रक्तातली पातळी, किडनी आणि थायरॉइड यांच्या ठरलेल्या तपासण्या चुकवू नका. ताप किंवा अंगदुखीसाठी आयब्युप्रोफेनसारखी गोळी दुकानातून आणून देऊ नका, तिने लिथियमची पातळी वाढू शकते. पाणी भरपूर, मीठ नेहमीइतकंच. उपासाला मीठ सोडायचं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि उलट्या-जुलाब सुरू झाले, हात जास्त कापायला लागले, चालताना तोल जायला लागला किंवा बोलणं अडखळायला लागलं, तर पुढची गोळी देण्याआधी डॉक्टरांना फोन करा; फोन लागला नाही तर गोळ्यांचं पाकीट घेऊन रुग्णालय गाठा.